सोबत कोण, आणि सायकल ठेवायची कुठे?

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये एक काकू आहेत. साठीला आलेल्या, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण पहाटे साडेपाचला कोथरूडच्या कर्वे पुतळ्यापाशी सगळ्यांच्या आधी हजर. खडकवासल्याला जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात, ते त्या हसत करतात. एका सोमवारी त्या मला कोपऱ्यावर रिक्षा शोधताना दिसल्या. मंडईत जायचं होतं. मी म्हटलं, "काकू, आज सायकल नाही?" त्या म्हणाल्या, "अरे, रविवारी तुम्ही सगळे पुढेमागे असता. आज मी एकटी. आणि मंडईत सायकल लावू कुठे?"

मी आठ वर्षं रविवारचा ग्रुप नेतोय. या काळात सायकल का चालवत नाही याची बरीच कारणं ऐकली. ऊन, धूर, चढ, घाम. ती खोटी नाहीत. पण ज्यांना सायकल येते, आवडते, ज्यांच्या घरात सायकल आहे, तेही कामाला निघताना दुचाकीची किल्ली उचलतात, आणि तिथे नेमके काकूंचेच दोन प्रश्न आडवे येतात. दोन्हींची उत्तरं आहेत. ती समजायला थोडं गणित आणि थोडं लोखंड समजून घ्यावं लागतं.

ग्रुप नेमकं काय करतो

पंधरा जण एका वेळी एका रस्त्याने निघाले म्हणजे ग्रुप होत नाही. उलट, नीट न शिकलेल्या पंधरा जणांना एकट्यादुकट्यापेक्षा जास्त धोका असतो.

समजा आपण ताशी २५ किलोमीटरने चाललोय. म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. पुढच्या सायकलीत आणि तुमच्यात एक मीटर अंतर आहे. समोर काही घडलेलं दिसून हात ब्रेकवर आवळेपर्यंत सावध माणसालाही निदान पाव सेकंद लागतो. पुढच्याने अचानक करकचून ब्रेक मारला आणि तुमचे ब्रेक तंतोतंत त्याच्याइतकेच चांगले असले, तरी ते लागण्याआधी तुम्ही पावणेदोन मीटर जास्त गेलेले असता. अंतर होतं एकच मीटर. ब्रेक कितीही भारी घ्या, हे गणित बदलत नाही.

मग इतक्या जवळून जायचंच कशाला? हवेसाठी.

सायकलस्वाराची बरीचशी ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. सावकाश चालवताना ते जाणवत नाही. पण वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. पुढच्याच्या मागे हवा आधीच हललेली असते, तिथे मागच्याचं काम पुष्कळ हलकं होतं. शर्यतीतल्या मोठ्या घोळक्यात हे टोकाला जातं. २०१८ मध्ये बर्ट ब्लॉकन या संशोधकाच्या गटाने १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आतल्या-मागच्या भागातल्या स्वारांना लागणारा हवेचा अडथळा एकट्या स्वाराच्या अवघा ५ ते १० टक्के निघाला.

आपण काही शर्यतीत नसतो. पण जून-जुलैत खडकवासल्याकडे जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. तुमचा वेग ताशी २० आणि समोरून वारा ताशी १५ चा, की हवेच्या हिशेबाने तुम्ही ३५ ने चाललेले असता. अशा वेळी काकूंना एकटीने जे जमणार नाही, ते दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर बसवलं की सहज जमतं. म्हणून आमच्याकडे सगळ्यांत सावकाश चालवणाऱ्याची जागा सगळ्यांत मागे नसते. पुढून दुसरी असते. तिथे वारा कमी लागतो आणि पुढच्याला त्यांचा श्वास ऐकू येतो. श्वास जड झाला की पुढचा वेग उतरवतो. नवख्याला शेवटी ठेवून "ये हळूहळू" म्हणणारे ग्रुप मी पाहिलेत. तो नवखा पुढच्या रविवारी येत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

आता पुन्हा त्या पावणेदोन मीटरकडे. जवळून जायचं तर डोळे आणि ब्रेक पुरत नाहीत, बातमी आधी मिळावी लागते. पुढच्याला खड्डा दिसला की तो मागच्याला कळवतो, मागचा त्याच्या मागच्याला. उजवा हात खाली करून बोट दाखवलं की खड्डा उजवीकडे, डावा तर डावीकडे. तळहात मागे वळवून खालीवर केला की वेग कमी होतोय. मूठ वर गेली की थांबतोय. पाठीमागून हात एका बाजूला सरकवला की त्या बाजूला व्हा, कडेला गाडी उभी आहे. आणि त्याबरोबर तोंडाने: "खड्डा!", "स्पीडब्रेकर!", "मागून गाडी!" शेवटची हाक मागून पुढे जाते, बाकीच्या पुढून मागे.

ज्यांनी आळंदीची पालखी पाहिली आहे त्यांना हे परकं वाटणार नाही. समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतो आणि एवढा मोठा टाळमृदंगाचा गजर थांबतो. सगळ्यांना चोपदार दिसत नसतो. शेजारचा थांबला म्हणून आपण थांबतो, आणि ते थांबणं लाटेसारखं मागे जातं. सायकलच्या ओळीत हेच व्हायला हवं. हाक पोचवणं हे पुढच्याचं एकट्याचं काम नाही. मधल्या एकाने इअरफोन घातले असतील तर त्याच्या मागच्या सगळ्यांची बातमी तुटते. म्हणून आमच्याकडे इअरफोनला सक्त मनाई आहे, आणि या एका नियमावर मी कोणाचीही नाराजी पत्करतो.

एक बारकावा: खुणा करायच्या म्हणून हात सोडायचाच, असं नाही. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, आणि सायकल थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. उतारावर, गर्दीत, ओल्या रस्त्यावर दोन्ही हात हँडलवर ठेवा आणि नुसतं ओरडा.

दुसरी गोष्ट जी नवख्याला कोणी सांगत नाही: पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक नेऊ नका. सायकल तोलावर राहते ती हँडलच्या बारीक बारीक हालचालींनी. कलायला लागली की आपण नकळत त्याच बाजूला हँडल किंचित वळवतो आणि ती सावरते. तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला घासलं की ही सावरण्याची हालचाल अडते, आणि तुम्ही क्षणात आडवे होता. पुढच्याला मात्र फारसं काही होत नाही, कारण त्याचं हँडल मोकळं असतं. म्हणजे चूक पुढच्याची असली तरी पडतो मागचा. मागे राहायचं तर सरळ मागे किंवा हातभर बाजूला, पण चाकाच्या मागेच.

स्पीडब्रेकरवर ओळ तुटते त्याचंही एक कारण आहे. पुढचा वेग कमी करतो, गतिरोधक ओलांडतो आणि लगेच जोर लावतो. त्या वेळी आठवा माणूस अजून अलीकडे रांगतोय. त्याला पलीकडे गेल्यावर दुप्पट जोर लावून ओळ गाठावी लागते, आणि पुण्यात हे दर शंभर पावलांवर होतं. तासाभरात मागचा दमतो आणि म्हणतो, "तुमचा वेग झेपत नाही." वेग त्याला झेपत असतो, धक्के झेपत नसतात. उपाय सोपा आहे: पुढच्याने गतिरोधकानंतर मनात दहा आकडे मोजायचे, मग पॅडलवर जोर द्यायचा.

घाटात हे सगळं बाजूला ठेवायचं. जुन्या कात्रज बोगद्याकडे किंवा बोपदेव घाटात चढताना वेग ताशी आठ-दहा असतो. तिथे हवेचा फायदा उरत नाही, लढाई वजनाशी असते. ज्याने त्याने आपल्या दमाने चढावं आणि वर भेटावं. उतरताना तर मुद्दाम लांब व्हायचं, कारण वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. उतारावर आमचं अंतर निदान दहा मीटर असतं.

दोघादोघांनी शेजारी चालवावं का, यावर दर वर्षी वाद होतो. बारा सायकली एका ओळीत असतील तर ओळ तीसेक मीटर लांब होते. एखाद्या गाडीला ती ओलांडायला बराच वेळ विरुद्ध बाजूला राहावं लागतं, आणि समोरून कोणी आलं की ती आत घुसते. दोनदोनच्या जोड्या केल्या की लांबी निम्मी होते. रुंद, मोकळ्या रस्त्यावर, पहाटे, हे बरं. पण शहराच्या आणि घाटाच्या अरुंद रस्त्यांवर माझं मत ठाम आहे: एकच ओळ, सहा-सहा जणांचे तुकडे, आणि दोन तुकड्यांमध्ये एक गाडी निवांत मावेल एवढी जागा.

सगळ्यांच्या शेवटी जो असतो त्याला आम्ही स्वीप म्हणतो. त्याच्याकडे पंप, ट्यूब, पंक्चरचं सामान आणि सगळ्यांचे फोन नंबर. तो कोणाला मागे टाकत नाही. हे काम सगळ्यांत अनुभवी माणसाला द्यावं. पुढे नेणारा चुकला तर रस्ता चुकेल, स्वीप चुकला तर माणूस मागे राहील. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते, पुणे-पिंपरीकडूनही जातात. एवढी माणसं, एवढं अंतर, आणि संध्याकाळी सगळे मुक्कामी पोचतात, त्यामागे अशी पुढची-मागची माणसं असतात. त्याच नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, अशी ती पहिली भारतीय जोडी.

सोमवारची सोबत

रविवारचा ग्रुप कितीही चांगला असला तरी तो रविवारीच असतो. सोमवारसाठी वेगळी, लहान व्यवस्था लागते. बार्सिलोनात २०२१ पासून मुलांना शाळेत नेणारी सायकलींची बस निघते. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, वाटेत ठरलेले थांबे, आणि मुलं थांब्याथांब्यावर येऊन मिळतात. पुढे-मागे मोठी माणसं. तिथे रस्ते वेगळे आहेत, पण कल्पना आपल्याला सहज घेता येते, कारण आपल्या मुली पूर्वी शाळेत अशाच जायच्या: चौघी-पाच जणी, कोपऱ्यावर एकमेकींसाठी थांबत.

आमच्यातले तिघे रोज सकाळी नऊला एकाच दिशेला जातात हे आम्हाला चार वर्षं माहीतच नव्हतं. ग्रुपमध्ये नुसतं विचारलं, "कोण कुठे कामाला जातं आणि किती वाजता?" आणि दोन ओळी तयार झाल्या. तीन जण पुरतात. गाडीवाल्याला एक सायकल दिसत नाही, तीन दिसतात.

आता कुलूप

सायकल चोरीची गोष्ट निघाली की लोक कुलपाचा विचार करतात. आधी चोराचा वेळ मोजा. चोरीला जाणाऱ्या सायकलींमध्ये जी नुसती उचलून नेता येते तिचा नंबर पहिला. मागच्या चाकाला बसवलेलं जुनं रिंगचं कुलूप सायकल चालवू देत नाही, उचलू देतं. जुनी लोखंडी सायकल वीसएक किलोची असायची, ती खांद्यावर घेऊन पळणं लोकांच्या डोळ्यांत भरायचं. आजची तेरा-चौदा किलोची सायकल टेम्पोत टाकायला काही क्षण पुरतात.

वायरचं कुलूप जाड दिसतं, पण आत बारीक तारांचा पीळ असतो आणि बाहेर प्लॅस्टिक. हातात मावणारा कटर एकेक तार तोडत जातो. आवाजही फारसा होत नाही. इंग्रजी यू अक्षरासारखं पोलादी कुलूप, ज्याला दुकानदार यू-लॉक किंवा डी-लॉक म्हणतात, त्याची कांडी सलग असते. ते हातकटरने तुटत नाही. ग्राइंडर लागतो, आणि ग्राइंडरचा आवाज आणि ठिणग्या लपत नाहीत. कुठलंही कुलूप न तुटणारं नसतं. ते वेळ आणि आवाज विकत घेऊन देतं, तेवढ्यासाठीच घ्यायचं. मोठं यू-लॉक घेण्यापेक्षा लहान घ्या. आत रिकामी जागा जितकी जास्त, तितकी पहार घालून पिळायला सोय.

कशाला कशाचं कुलूप लावायचं? मागचं चाक, फ्रेमची उभी नळी आणि जमिनीत पक्की रोवलेली वस्तू, या तिन्हींतून एकच कडी. पुढच्या चाकाला कधीही एकट्याला नाही. आजकाल बऱ्याच सायकलींचं पुढचं चाक एक खटका उघडला की हातात येतं. आमच्यातल्या एकाने क्लासबाहेर अशी सायकल लावली होती. परत आला तेव्हा खांबाला कुलूप होतं, कुलपात चाक होतं, सायकल नव्हती. आणि कुलूप लावण्याआधी तो खांब हलवून बघा. पाटीचे खांब पुष्कळदा नुसते खड्ड्यात उभे केलेले असतात. बुटका खांब असेल तर सायकल वरूनही निघते.

ठेवायची जागा: मूळ प्रश्न

यापुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चांगलं कुलूप चांगल्या खांबाशिवाय निरुपयोगी आहे, आणि खांब कोणी एकटा माणूस उभा करू शकत नाही.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे तेव्हा सायकल ठेवणं हा शहराच्या व्यवस्थेचाच भाग होता. शाळा, कारखाना, थिएटर, स्टेशन, सगळीकडे पत्र्याचं छप्पर घातलेला सायकल स्टँड आणि तिथे टोकन देणारा माणूस. सायकलीला नगरपालिकेचा पितळी बिल्ला असे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट नेलं तर पोलीस धरत. मग दुचाकी आल्या आणि त्या छपरांखाली त्यांनी जागा घेतली. सायकली मात्र लगेच संपल्या नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती. संपली ती त्यांची जागा.

पुढे २०१७ मध्ये महापालिकेने शहरासाठी सविस्तर सायकल आराखडा केला. त्याच वर्षी डिसेंबरात औंध आणि विद्यापीठाच्या आवारात मोबाइलवरून उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. पहिल्या काही महिन्यांत लोकांनी त्या आवडीने वापरल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्या कुठेही सोडता येत होत्या. फुटपाथवर पडायच्या, मोडायच्या, चोरीला जायच्या, आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. कुठेही ठेवता येणं म्हणजे ठेवायला जागा असणं नव्हे, हे त्यातून कळलं.

जागेचा विचार करताना एकच प्रश्न विचारावा: सायकल इथे किती वेळ राहणार? पाच मिनिटं दूध-ब्रेड घ्यायला थांबणाऱ्याला दुकानाच्या दारात खांब हवा. तो वीस पावलं लांब असला तरी तो सायकल पायरीलाच टेकवेल. ऑफिसला किंवा स्टेशनवर आठ-दहा तास ठेवणाऱ्याला छप्पर, उजेड आणि माणूस हवा; त्यासाठी तो दोन मिनिटं चालेल. आणि रात्रभर, घरी? तिथे सगळ्यांत पक्की जागा हवी, कारण सायकल सर्वांत जास्त काळ उभी असते ती घरीच. माझी स्वतःची सायकल गेली ती आमच्या सोसायटीच्या जिन्याखालून, रस्त्यावरून नव्हे.

नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या रेल्वे स्टेशनखाली २०१९ मध्ये १२,५०० सायकलींची जागा पूर्ण झाली. सायकल चालवतच आत जायचं, पहिले २४ तास फुकट, आणि तिथून थेट फलाटाकडे. ती संख्या ऐकून आपण थक्क होतो, पण आपल्या उपयोगाचा भाग वेगळा आहे: त्यांनी सायकलीला गाडीपेक्षा जवळची जागा दिली. आपल्याकडे उलट होतं. सोसायटीत सायकलींना पाण्याच्या टाकीमागचा अंधारा कोपरा मिळतो. तिथे कोणाचं लक्ष नसतं, म्हणजे चोराला निवांत वेळ मिळतो. सायकल ठेवावी वॉचमनच्या खोलीसमोर किंवा लिफ्टच्या वाटेवर, जिथून दिवसभर माणसं जातात. येणाऱ्याजाणाऱ्यांचे डोळे हे कॅमेऱ्यापेक्षा जुने आणि स्वस्त आहेत. कॅमेरा चोरी झाल्यावर कामाला येतो.

आणि स्टँड कसला? लोखंडी पट्ट्यांच्या खाचेत पुढचं चाक अडकवायचा स्टँड कृपा करून घेऊ नका. तो फक्त चाक धरतो. शेजारच्या सायकलीचा धक्का लागला की सगळं वजन रिमवर आडवं येतं आणि चाक वाकडं होतं. शिवाय फ्रेमला कुलूप लावायला तिथे काहीच नसतं. जगभर सर्वांत उपयोगी ठरलेला स्टँड हा सर्वांत साधा आहे: पाइपाची कमान. जमिनीपासून पाऊण मीटर उंच, तितकीच किंवा थोडी जास्त रुंद, दोन्ही पाय काँक्रीटमध्ये फूटभर गाडलेले. दोन्ही बाजूंना एकेक सायकल टेकते आणि कुलूप हवं तिथे लागतं. कुठलाही फॅब्रिकेटर दोन इंची जीआय पाइप वाकवून करून देतो. दोन कमानींमध्ये एक मीटर, आणि भिंतीपासून दोन फूट अंतर ठेवायचं. हे अंतर वाचवायला गेलात तर हँडल एकमेकांत अडकतात आणि निम्मी जागा वाया जाते. भिंतीवर उभ्या टांगायच्या आकड्यांनी जागा वाचते खरी, पण काकू चौदा किलोची सायकल डोक्याएवढी उचलणार नाहीत, आणि दहा वर्षांची मुलंही नाहीत.

गाडीची एक जागा अडीच मीटर बाय पाच मीटरची असते. त्या पाच मीटरच्या लांबीत एकेक मीटरवर पाच कमानी बसतात, म्हणजे दहा सायकली. सर्वसाधारण सभेत मी हे खडूने जमिनीवर आखून दाखवलं. तोंडी सांगून जे दोन वर्षं पटलं नाही ते आखल्यावर वीस मिनिटांत पटलं. ज्यांना कमिटीशी बोलायचंय त्यांना माझा हाच सल्ला: अर्ज नंतर, आधी खडू घ्या.

सोसायटीत आणखी एक अडचण येते. स्टँड बांधला की महिन्याभरात तो धूळ खाणाऱ्या सायकलींनी भरतो. परदेशी गेलेल्या मुलाची, बारावी झालेल्या मुलीची, हवा गेलेली, चेन गंजलेली. मन दुखावतं म्हणून कोणी हलवत नाही. आम्ही दर वर्षी दिवाळीनंतर प्रत्येक हँडलला एक कागदी चिठ्ठी बांधतो: ही सायकल तुमची असेल तर चिठ्ठी काढा. महिन्याने ज्यांवर चिठ्ठी तशीच राहते त्यांची यादी फलकावर लागते, आणखी महिन्याने त्या सायकली दुरुस्त करून गरजू मुलांना जातात. पहिल्या वर्षी अठरापैकी सात सायकली अशा निघाल्या. त्या सातही आज रस्त्यावर आहेत.

गेलीच तर

बिल जपा आणि फ्रेमच्या खाली, पॅडलची दांडी जिथे बसते तिथे कोरलेला नंबर आजच फोटो काढून ठेवा. तो नसेल तर पोलिसांना सायकल सापडली तरी ती तुमची आहे हे सिद्ध करता येत नाही. कायद्यातली एक गोष्ट माहीत असावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे, आणि ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी आता अदखलपात्र धरली जाते. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास सुरू करू शकत नाहीत. जुनी सायकल पाच हजारांच्या आत मोडते, आणि ती चालवणारा बहुतेक वेळा रोजंदारीवर जाणारा असतो. त्याच्यासाठी ती सायकल म्हणजे कामावर पोचण्याचं एकमेव साधन. मला हे मनापासून खटकतं. म्हणून तक्रार करताना सायकलीची किंमत बिलासकट, नंतर बसवलेल्या सामानासकट, नीट आणि खरी सांगा.

जपानमध्ये १९९४ पासून प्रत्येक सायकलीची नोंदणी सक्तीची आहे. दुकानातच एक स्टिकर लागतं आणि नंबर पोलिसांकडे जातो. आपल्या पितळी बिल्ल्याची आठवण यावी असंच ते आहे. सरकारी नोंदणी होईल तेव्हा होईल. सोसायटीने किंवा ग्रुपने एका वहीत नाव, फ्रेम नंबर आणि फोटो ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. आमच्या वहीत आता एकसष्ट सायकली आहेत.

काकू आता मंगळवारी आणि शुक्रवारी मंडईत सायकलने जातात. सोबत शेजारच्या इमारतीतल्या एक ताई असतात, त्यांचीही भाजीची वेळ तीच निघाली. मंडईत अजून कमान नाही. ओळखीच्या नारळवाल्याच्या लोखंडी जाळीला दोघी एकाच यू-लॉकने दोन्ही सायकली बांधतात, आणि तो म्हणतो, "मावशी, मी आहे इथे." आम्ही क्षेत्रीय कार्यालयाला पत्र दिलंय, सोबत मोजमापाचं चित्र आणि पाच जागा. पुढच्या बुधवारी खडू घेऊन जाणार आहोत.